वाळूवर पडलेले शेवटचे ऊन

वाऱ्याने उडवून आणलेली वाळू एखाद्या आडोशाला साठते, तिच्यावर पुढची वाळू येऊन बसते आणि खालच्या कणांचा उन्हाशी संबंध तुटतो. तो नेमका केव्हा तुटला, हे त्या कणांकडूनच काढून घेण्याच्या पद्धतीला संदीप्ती-कालमापन म्हणतात. भूशास्त्रज्ञ आणि पुरातत्त्वज्ञ बोलताना ल्युमिनिसन्स डेटिंग किंवा नुसते ओएसएल म्हणतात. खडक केव्हा तयार झाला, याच्याशी या पद्धतीला कर्तव्य नाही. वाळूचा कण ज्या दगडातून सुटला तो कोट्यवधी वर्षांचा असेल, पण टेकडी केव्हा रचली गेली हे जाणून घ्यायचे तर त्या कणाला शेवटचे ऊन लागून किती काळ लोटला, एवढेच कळायला हवे.

जुन्या थरांचे वय काढण्यासाठी रेडिओकार्बन पद्धत सर्वांच्या परिचयाची आहे. तिला कोळसा, लाकूड, हाड, शिंपला असे काहीतरी एकेकाळी जिवंत असलेले द्रव्य लागते आणि सुमारे ५०,००० वर्षांपलीकडे तिची मजल जात नाही. वाळूच्या टेकडीत असे द्रव्य मिळेलच असा भरवसा नसतो. मिळाले तरी ते त्याच थराचे आहे का, ही शंका राहते. उंदराच्या बिळातून किंवा झाडाच्या कुजलेल्या मुळाच्या पोकळीतून वरचा कोळसा खाली उतरू शकतो. संदीप्तीच्या पद्धतीत वय काढले जाते ते खुद्द वाळूचे. थर ज्या द्रव्याचा बनला आहे तेच द्रव्य साक्षीला येते, ही या पद्धतीची मोठी जमेची बाजू आहे.

हे घडते कसे? जमिनीत युरेनियम, थोरियम आणि पोटॅशियम ही मूलद्रव्ये अगदी अल्प प्रमाणात सगळीकडे असतात. त्यांच्यातून किरणोत्सर्ग चालू असतो. वरून विश्वकिरणांची थोडी भर पडते. क्वार्ट्झ किंवा फेल्डस्पार यांसारख्या खनिजांच्या स्फटिकांवर हा मारा अखंड होत राहिला की त्यांतले काही इलेक्ट्रॉन जागचे हलतात. बहुतेक लगेच परततात, काही मात्र स्फटिकाच्या रचनेतल्या उणिवांत अडकून पडतात आणि अंधारात हजारो वर्षे तसेच राहतात. कणावर प्रकाश पडला की ते सुटतात आणि सुटताना स्वतः अत्यंत मंद प्रकाश सोडतात. हीच संदीप्ती. पागोळीखाली ठेवलेल्या घागरीत किती पाणी जमले आणि थेंब कोणत्या गतीने पडत होते हे ठाऊक असेल तर घागर केव्हा ठेवली ते सांगता येते. हिशेब तसाच आहे. मात्र त्यासाठी तीन अटी पाळल्या जाव्या लागतात. घागर ठेवताना पूर्ण रिकामी असली पाहिजे, ती गळकी नसावी, आणि काठोकाठ भरून वाहू लागलेली नसावी.

पहिली अट वारा जितकी चोख पाळतो तितकी दुसरे कोणी पाळत नाही. क्वार्ट्झमधले प्रकाशाला सर्वांत लवकर दाद देणारे इलेक्ट्रॉन कडक उन्हात काही सेकंदांत, फार तर काही मिनिटांत सुटून जातात. वाऱ्यावरची वाळू उड्या घेत, घरंगळत पुढे सरकते. टेकडीच्या पाठीवर ती कैक दिवस वर-खाली होत राहते, कोरडी असते, आणि तिचा प्रत्येक कण कधी ना कधी उघड्या उन्हात येतो. नदीच्या पुरात तसे होत नाही. गढूळ पाण्यात, रात्रीच्या लोंढ्यात किंवा मातीच्या ढेकळात अडकून आलेल्या कणाला ऊन लागलेच नसेल, तर मागचा साठा घेऊनच तो नव्या थरात गाडला जातो आणि थर प्रत्यक्षापेक्षा जुना भासतो. म्हणूनच या पद्धतीचा खरा कस लागला आणि तिने नाव काढले ते वाळवंटांतल्या टेकड्यांवर, तसेच लोएस नावाच्या वाऱ्याने आणलेल्या बारीक मातीच्या थरांवर.

स्फटिक चमकतात हे माणसाला फार पूर्वीपासून दिसत होते. रॉबर्ट बॉइल या शास्त्रज्ञाने १६६३ मध्ये अंगाच्या उबेने अंधारात चमकणाऱ्या हिऱ्याची नोंद केली आहे. उष्णता देऊन बाहेर येणाऱ्या या प्रकाशाचा काळ मोजण्यासाठी उपयोग होईल, ही कल्पना अमेरिकेत फॅरिंग्टन डॅनियल्स आणि सहकाऱ्यांनी १९५३ मध्ये मांडली. पुढे ऑक्सफर्डमध्ये मार्टिन एटकेन यांनी ती खापरांवर वापरली. मडके भट्टीत भाजताना मातीतला जुना साठा जळून जातो, त्यामुळे खापराचे वय म्हणजे ते भाजल्यापासूनचा काळ. वाळू काही कुणी भाजत नाही. तिचा साठा ऊन रिकामा करते, हे नीट उमगायला १९७० चे दशक सरत आले. सुरुवातीला वाळूलाही उष्णता देऊनच मोजत. त्यात अडचण अशी की उष्णतेने सुटणारे इलेक्ट्रॉन उन्हात तासन्‌तास राहूनही पुरते सुटत नाहीत. १९८५ मध्ये कॅनडातील डेव्हिड हंटली आणि सहकाऱ्यांनी उष्णतेऐवजी लेसरचा हिरवा प्रकाश वापरला आणि उन्हाने जो साठा रिकामा होतो नेमका तोच मोजण्याची सोय झाली. २००० साली अँड्र्यू मरे आणि अॅन विंटल यांनी एकाच नमुन्यावर साऱ्या मोजण्या करण्याची रीत पक्की केली. आज जगभर चालते ती हीच.

नमुना घेणे हे या कामातले सर्वांत नाजूक पाऊल. टेकडीचा उभा छेद आधी फावड्याने आत खरवडून घेतात, कारण उघड्या पडलेल्या कणांचा साठा केव्हाच गेलेला असतो. मग लोखंडाचा किंवा जाड पीव्हीसीचा, प्रकाश आत न शिरू देणारा नळ आडवा धरून हातोड्याने आत ठोकतात. नळ वाळूने गच्च भरला पाहिजे. आत पोकळी राहिली तर प्रवासात वाळू हलते आणि टोकांचे कण मधल्या कणांत मिसळतात. नळ बाहेर काढताच दोन्ही तोंडे काळ्या प्लॅस्टिकने घट्ट बांधतात. त्याच जागेची आणखी थोडी वाळू वेगळ्या पिशवीत घेतात, ती किरणोत्सर्ग आणि ओलावा मोजण्यासाठी. थराची जमिनीपासूनची खोली लिहून ठेवतात, कारण जितके खोल जावे तितके विश्वकिरण कमी पोचतात.

प्रयोगशाळेत नळ उघडतात तो फोटो धुण्याच्या जुन्या खोलीत असे तशा मंद तांबड्या उजेडात. दोन्ही टोकांची वाळू बाजूला काढून मधली घेतात. हायड्रोक्लोरिक आम्लात शिंपल्यांचा चुरा फसफसत विरतो. किनाऱ्यावरच्या वाळूचा बराच भाग याच पायरीवर नाहीसा होतो. हायड्रोजन पेरॉक्साइडने सेंद्रिय अंश जातो. चाळण्यांनी ठरावीक आकाराचे, साधारण दशांश ते पाव मिलिमीटरचे कण निवडतात. जड द्रवात टाकून क्वार्ट्झ वेगळे करतात आणि शेवटी ते हायड्रोफ्लुओरिक आम्लात ठेवतात. हे आम्ल उरलेसुरले फेल्डस्पार खाऊन टाकते आणि क्वार्ट्झच्या कणाची वरची साल काढते. उरतात ते स्वच्छ, काचेसारखे कण. पोलादाच्या सेंटिमीटरभर चकतीवर तेलाच्या थेंबात ते चिकटवतात आणि यंत्रात ठेवून त्यांवर निळा प्रकाश सोडतात. कणांतून बाहेर पडणारा प्रकाश अतिनील असतो. निळा उजेड गाळणीने अडवला जातो आणि अतिनील तेवढा मोजला जातो. पहिल्या सेकंदा-दोन सेकंदांत आकडा उसळतो आणि भराभर उतरतो. तेवढ्या क्षणात हजारो वर्षांचा साठा संपतो, आणि तो परत मिळत नाही.

या प्रकाशाचे किरणोत्सर्गाच्या मात्रेत रूपांतर करण्यासाठी त्याच कणांना यंत्रातल्या स्ट्रॉन्शियमच्या स्रोताकडून ठरावीक मात्रा देऊन पुन्हा पुन्हा मोजतात. कोणत्या मात्रेला किती प्रकाश, हे कळले की निसर्गाने दिलेली मात्रा ताडता येते. मात्रेचे एकक ग्रे. वाळूला दर हजार वर्षांना साधारणपणे एक ते तीन-चार ग्रे मात्रा मिळते. समजा, कणांत एक ग्रे साठली आहे आणि त्या जागी हजार वर्षांना दोन ग्रे मिळतात, तर वाळू पुरली गेल्याला पाचशे वर्षे झाली. गणित सोपे, चूक शिरते ती भाजकात. वाळूच्या कणांमधले पाणी किरणोत्सर्गाचा काही भाग शोषून घेते. आज कोरडा दिसणारा थर शतकानुशतके पावसाळ्यात भिजत आला असेल आणि ओलावा कमी धरला गेला, तर वय कमी निघते. एवढी काळजी घेऊनही उत्तरात पाच ते दहा टक्के इकडेतिकडे होतेच.

भारतात या पद्धतीची पायाभरणी झाली ती थरच्या वाळवंटात, आणि त्यात पुण्याचा वाटा मोठा होता. अहमदाबादच्या भौतिकी अनुसंधान प्रयोगशाळेतील अशोक सिंघवी आणि सहकाऱ्यांनी राजस्थानातल्या वाळूच्या टेकड्यांचे वय उष्णता देण्याच्या जुन्या रीतीने काढले आणि १९८२ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात मांडले. वाळवंटी टेकड्यांवर ही पद्धत लावण्याच्या जगातल्या सुरुवातीच्या प्रयत्नांत त्याची गणना होते. पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे व्ही. एन. मिश्रा आणि शरद राजगुरू यांनी राजस्थानातल्या डीडवाना येथे ‘१६ आर’ नावाने ओळखली जाणारी टेकडी खोलवर खणली होती. तिच्या पोटात वेगवेगळ्या पातळ्यांवर अश्मयुगीन हत्यारे होती. वाळूचे वय निघाल्यामुळे हत्यारांना काळ मिळाला. पुढच्या अभ्यासांनी या वाळवंटातल्या वाळूची कहाणी सुमारे दोन लाख वर्षांपर्यंत मागे नेली.

या मोजण्यांतून निघालेली एक गोष्ट मुद्दाम सांगण्यासारखी आहे. सुमारे २०,००० वर्षांपूर्वी हिमयुग ऐन भरात होते, हवा कोरडी होती. तेव्हा टेकड्या सर्वांत जास्त वाढल्या असतील, असे कुणालाही वाटेल. वये मात्र निराळेच सांगू लागली. टेकड्यांची मोठी वाढ झाली ती त्यानंतर, १४,००० वर्षांपूर्वीपासून पुढे, जेव्हा नैऋत्य मोसमी वारे पुन्हा जोर धरू लागले. थरमध्ये वाळू हलवतो तो पावसाच्या आधी सुटणारा नैऋत्येचा वारा. हिमयुगात तो दुबळा होता, त्यामुळे वाळू असूनही ती उडवणारे कुणी नव्हते. वाळूच्या टेकड्या म्हणजे दुष्काळाची खूण, हा समज या आकड्यांनी मोडला.

तोच नैऋत्य वारा सह्याद्रीला धडकून कोल्हापूर जिल्ह्यातल्या मलकापूर-आंब्याकडे धो-धो पाऊस पाडतो. शाहूवाडी तालुक्यातले मलकापूर कोल्हापूर-रत्नागिरी रस्त्यावर आहे. पुढे आंबा घाट उतरला की कोकण. या परिसरात वाळूच्या टेकड्या नाहीत. आहे तो काळा पाषाण, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा, आणि सड्यांवर त्याच पाषाणाच्या झिजेतून झालेला जांभा. संदीप्तीच्या दृष्टीने ही भूमी फार अवघड. काळ्या पाषाणात क्वार्ट्झ जवळजवळ नसतेच. त्याच्या पोकळ्यांत मागाहून भरलेल्या गारगोट्या आणि अकीक सापडतात, पण त्यांचे कण या मोजणीला नदीच्या वाळूसारखी चांगली साथ देतातच असे नाही. फेल्डस्पार भरपूर असते, पण लाव्हातल्या फेल्डस्पारची घागर बऱ्याचदा गळकी असते. अडकलेले इलेक्ट्रॉन अंधारातही हळूहळू निसटतात आणि वय खरे असेल त्याहून कमी दिसते. जांभा होताना तर फेल्डस्पार विरघळूनच जाते. कडवी नदीच्या काठच्या गाळाचे वय काढू म्हटले तरी या साऱ्या अडचणी आडव्या येतात. शिवाय, महिनोन्‌महिने पाण्यात मुरणाऱ्या जमिनीत ओलाव्याचा अंदाज करणेही कठीण.

तरीही अशा जमिनीत बारीक क्वार्ट्झचे कण सापडले तर ते दुर्लक्ष करण्यासारखे नसतात. हवाई बेटांवरचा खडकही क्वार्ट्झ नसलेला लाव्हाच आहे, तरी तिथल्या मातीत क्वार्ट्झ मिळते. ते आशियातून वाऱ्याबरोबर महासागर ओलांडून आलेली धूळ आहे, हे १९७० च्या सुमारास सिद्ध झाले. दख्खनच्या मातीतल्या बारीक क्वार्ट्झबद्दलही तोच प्रश्न आधी विचारावा लागतो. मात्र मुंग्या, वाळवी आणि मुळे माती सतत वर-खाली करत असतात. वरच्या हातभर मातीतल्या अशा कणाचे वय काढले, तर ते वारा केव्हा आला याचे निघणार नाही, मातीची उलथापालथ केव्हा थांबली याचे निघेल.

दख्खनच्या पठारावर वाऱ्याने आणलेल्या निक्षेपाचे सर्वांत गाजलेले उदाहरण वाळूचे नाही, राखेचे आहे. पुणे जिल्ह्यात कुकडी नदीकाठी बोरी येथे आणि कऱ्हाकाठी मोरगावजवळ ज्वालामुखीच्या राखेचे थर आहेत. ही राख सुमात्रातल्या टोबा ज्वालामुखीची, हे तिच्या रासायनिक घडणीवरून मान्य झाले. पण टोबाच्या कोणत्या उद्रेकाची, यावर दीर्घ वाद झाला. काहींच्या मते ती सुमारे ७५,००० वर्षांपूर्वीच्या महाउद्रेकाची, तर आरगॉन वायूवर आधारलेल्या मोजण्यांनी साडेसहा लाख वर्षे आणि त्याहून जुना काळ दाखवला. बोरीला राखेच्या जोडीने आदिमानवाच्या दगडी कुऱ्हाडी मिळाल्या असल्याने या आकड्यांना फार महत्त्व आले. संदीप्तीची पद्धत येथे आपल्या मर्यादेशी येऊन भिडते. क्वार्ट्झची घागर साधारण दीड-दोनशे ग्रे मात्रेला भरून वाहू लागते, म्हणजे बहुतेक ठिकाणी लाखभर वर्षांच्या आसपास. फेल्डस्पार त्याहून पुढे नेते, पण त्याची गळती हिशेबात धरावी लागते. साडेसहा लाख वर्षांचा थर तिला थेट मोजता येत नाही. राख मागाहून नदीने उचलून पुन्हा पसरली का, हे तपासायला मात्र ती कामी येते.

महाराष्ट्रात या पद्धतीला साजेसे काम खरे मिळते ते किनाऱ्यावर. रत्नागिरी जिल्ह्यात दापोली तालुक्यात, भारजा नदीच्या मुखाशी केळशी गाव आहे. तिथली वाळूची टेकडी कोकणातल्या सर्वांत उंच टेकड्यांपैकी एक. पावसाळ्यात वारा जोराचा असला तरी पुळणीवरची वाळू भिजलेली असते आणि उडत नाही. कोरड्या महिन्यांत समुद्रावरून येणारा वारा ती आत नेतो आणि टेकडी वाढत जाते. डेक्कन कॉलेजचे अशोक मराठे यांनी या टेकडीचा अनेक वर्षे अभ्यास केला. तिच्या पोटात वस्तीचा थर होता: खापरे, कोळसा, बहमनी काळातली नाणी. वाळूच्या थरांमध्ये समुद्राने एकाएकी आत घुसून टाकलेला थर आहे, आणि त्याचा संबंध त्सुनामीशी असावा, असे त्यांनी मांडले.

यामागे एक लेखी पुरावाही आहे. १५२४ च्या सप्टेंबरात वास्को द गामा व्हाइसरॉय होऊन भारताकडे येत असताना त्याच्या आरमाराला कोकणच्या समुद्रात विलक्षण खळबळ जाणवली. वारा नसताना गलबते हेलकावली, असे पोर्तुगीज बखरकारांनी लिहून ठेवले आहे. दाभोळचा उल्लेख या संदर्भात येतो, आणि दाभोळही दापोली तालुक्यातच आहे. अलीकडे सी. पी. राजेंद्रन आणि सहकाऱ्यांनी केळशीच्या छेदातल्या वीस-पंचवीस सेंटिमीटर जाडीच्या वालुकाथराचा अभ्यास केला. रेडिओकार्बन आणि संदीप्ती या दोन्हींचा आधार घेऊन त्यांनी त्याचा काळ पंधराव्या ते सतराव्या शतकांच्या टप्प्यात बसवला आणि पाकिस्तान-इराणच्या मकरान किनाऱ्याजवळचा मोठा भूकंप त्यामागे असू शकतो असे सुचवले. मकरानचा भूकंप कोकणाला अगदी अनोळखी नाही. २८ नोव्हेंबर १९४५ च्या तिथल्या भूकंपाच्या त्सुनामी लाटा मुंबईपर्यंत पोचल्या होत्या.

केळशीत संदीप्तीचे बळ आणि मर्यादा एकाच छेदात शेजारी-शेजारी दिसतात. टेकडीची बहुतांश वाळू वाऱ्याची, उन्हात न्हालेली. तिच्या वयावर विसंबता येते. मधला थर लाटेने टाकला असेल तर त्यातले कण समुद्रतळातून मिनिटाभरात उपसून आलेले. काहींना ऊन लागलेले, काहींना नाही. अशा थराचे सरळ वय काढले तर ते फुगून येण्याची भीती असते. त्यावर दोन उपाय आहेत. कण एकेक करून मोजायचे आणि सर्वांत कमी मात्रेचा गट, म्हणजे ज्यांना खरोखर ऊन लागले तो गट, वेगळा काढायचा. किंवा त्या थराच्या लगत खालची आणि लगत वरची वाऱ्याची वाळू मोजायची. मधली घटना त्या दोन वयांच्या दरम्यान बसते. दुसरा उपाय साधा आणि भरवशाचा. तरीही एवढ्यावर १५२४ हे साल सिद्ध होत नाही. पाचशे वर्षांच्या वाळूला पाच-दहा टक्क्यांची चूक म्हणजे पंचवीस ते पन्नास वर्षे इकडेतिकडे. एका विशिष्ट दिवसाची घटना आणि तिच्या आगेमागे आलेले मोठे वादळ यांत ही पद्धत निवाडा करू शकत नाही. तो निवाडा थरातले शंख-शिंपले, कणांची मांडणी आणि शेजारच्या गावांतले तसेच थर यांवरून करावा लागतो.

केळशीमागचा मुलूखही काळ्या पाषाणाचाच, त्यामुळे शिंपल्यांचा चुरा आम्लात विरल्यावर मोजण्याजोगे क्वार्ट्झ वेचून काढणे येथे चिकाटीचे काम आहे. दक्षिणेकडे परिस्थिती सुधारते. सिंधुदुर्गात जुने क्वार्ट्झयुक्त खडक उघडे पडले आहेत. कणकवली तालुक्यातल्या कासार्डे परिसरातून काचेसाठी सिलिका वाळू काढतात. त्या बाजूच्या किनाऱ्यावरच्या टेकड्यांत ही पद्धत अधिक सुकर ठरावी. किनाऱ्यावर ठिकठिकाणी लावलेल्या सुरूच्या बनांनी सरकती वाळू बांधून ठेवली आहे, आणि अशा बनाखालच्या वाळूचे वय म्हणजे टेकडी स्थिर झाल्याचा काळ. फक्त नळ मुळांच्या जाळ्याच्या खाली ठोकावा लागतो, आणि पुळण सपाट करून बांधकाम होण्याआधी.